जॉबकार्डावरील चार ओळी

नव्या मोटारीत दोष निघणे ही यंत्रयुगातील असंभाव्य घटना नव्हे. हजारो सुट्या भागांच्या जुळणीतून जे वाहन उभे राहते, त्यातील एखादा भाग सदोष निघाला एवढ्यावरून निर्मात्याला अप्रामाणिक ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु तोच दोष पुनःपुन्हा उद्भवतो, मालक पुनःपुन्हा हेलपाटे घालतो आणि दरवेळी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी त्याच्या हवाली केली जाते, तेव्हा यंत्रातील बिघाडापेक्षा त्याच्या नोंदीतील बिघाड अधिक गंभीर ठरतो. आणि तो दुरुस्त करण्याचे काम मालकालाच अंगावर घ्यावे लागते.

आमचे चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी मी घेतलेल्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप येथे नाही. भिसी आणि उमरेड मागे टाकून शंभरएक किलोमीटर अंतर काटावे, तेव्हा नागपुरातील तिच्या विक्रेत्याचे दार दिसते. सबब, शहरातील गृहस्थ कचेरीत जाता जाता जी तक्रार सांगून येतो, तिच्यासाठी आमच्याकडील माणसाचा अख्खा दिवस मोडतो, आणि गाडी तेथे ठेवून घेतली तर एस.टी.ने परतावे लागते. माझ्या गाडीचा दोषही असा विलक्षण, की तो या अंतराच्या आडोशालाच दडून बसे. कोलाऱ्याच्या बाजूला, ताडोबाच्या जंगलालगतच्या खडबडीत रस्त्यावर, इंजिन चांगले तापल्यानंतर समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागे, आणि पाय कितीही दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने रांगू लागे. दिवेलागणीनंतर ज्या भागात गाडीतून खाली पाय ठेवण्यास जाणता माणूस धजत नाही, तेथे वृद्ध आई शेजारी बसलेली असताना हा प्रकार घडावा, यातील धास्ती त्या रस्त्याने जाणाऱ्यासच कळेल. इंजिन बंद करून काही क्षणांनी पुन्हा चालू केले, की दिवा विझून गाडी पूर्ववत धावे. आणि नागपूरच्या गुळगुळीत रस्त्यावर तर ती इतकी शहाण्यासारखी वागे, की तक्रारदाराच्याच सांगण्याविषयी ऐकणाऱ्याला शंका यावी.

वर्कशॉपमध्ये गाडी शिरली, की प्रथम ॲडव्हायझर सामोरा येतो. तो गाडीभोवती फेरी मारून ओरखडे टिपतो, किलोमीटरचा आकडा लिहून घेतो आणि मग तक्रार विचारून जॉबकार्ड तयार करतो. हे जॉबकार्ड म्हणजे त्या दप्तरातील मूळ दस्तऐवज होय. कारण आतला कारागीर मालकाला बहुधा पाहत नाही, तो केवळ कार्डावरचा मजकूर वाचतो. मी पाच मिनिटे सांगितलेली हकिकत त्या कार्डावर ‘इंजिन लाइट, जनरल चेकअप’ एवढीच उतरली. रस्ता गेला, तापलेले इंजिन गेले, गाडीची गेलेली ताकद गेली. उरला तो फक्त दिवा, आणि तोही त्या वेळी विझलेला.

पुढील तपासणी स्कॅनरची. चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डाखाली असलेल्या खोबणीत त्याची वायर जोडली, की गाडीच्या संगणकाने साठवलेले दोषांचे सांकेतिक क्रमांक पडद्यावर येतात. क्रमांकाबरोबरच, दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, पाण्याचे तापमान किती होते आणि गाडीचा वेग किती होता, हा तपशीलही पुष्कळदा त्यात सुरक्षित असतो. म्हणजे जंगलातील त्या घटनेची जबानी खुद्द गाडीनेच लिहून ठेवलेली असते. परंतु कारागिराने क्रमांक पुसण्याची कळ दाबली, की हा पुरावा साफ नाहीसा होतो. आणि ‘कोड क्लिअर केला, सर, आता काही येत नाही’ हे वाक्य उपकाराच्या सुरात मालकाच्या कानी पडते.

याचे खापर एकट्या ॲडव्हायझरच्या माथी फोडणे मला योग्य वाटत नाही. वॉरंटीतील दुरुस्तीची मजुरी विक्रेत्याला निर्माती कंपनी देते, आणि ती ठरावीक कामाला ठरावीक वेळ या हिशेबाने देते. बदललेल्या भागाचा दोष सिद्ध झाला नाही, तर कंपनी तो दावा नामंजूर करू शकते. उलट, येणारा-जाणारा दोष शोधण्यात कारागिराचे चार तास गेले, तर त्यांची पुरती भरपाई होईलच असे नाही. अशा व्यवस्थेत भाग बदलून मोकळे होणे सोपे आणि शोध घेणे तोट्याचे ठरते. माझ्या गाडीचा थ्रॉटल बदलला गेला, नंतर ॲक्सिलरेटरचा पेडलही बदलला गेला. दोष मात्र कोलाऱ्याच्या रस्त्यावर जसाच्या तसा वाट पाहत राहिला.

अखेर मी चार ओळी लिहून नेल्या आणि त्या जॉबकार्डावर शब्दशः उतरविल्याखेरीज सही करणार नाही, असे नम्रपणे परंतु ठामपणे सांगितले. दोष केव्हा होतो, कोठे होतो, त्या वेळी गाडी काय करते आणि कशाने थांबते, इतकेच त्यांत होते. क्रमांक पुसण्यापूर्वी त्यांची छापील प्रत मिळावी, अशी विनंतीही त्याखाली नोंदवून घेतली. ते कार्ड एका वयस्क फोरमनच्या हाती गेले. त्यांनी ते दोनदा वाचले, बॉनेट उघडले आणि मला आत बसवून म्हणाले, “भाऊ, गाडी चालूच राहू द्या जी, अन् पेडल थोडा दाबून धरा.” मग इंजिनाभोवतीच्या वायरिंगचा जुडगा त्यांनी वीतभर वीतभर पुढे सरकत, हळूहळू हलवीत तपासला. एका लोखंडी पट्टीपाशी त्यांचा हात पोचला मात्र, फलकावर तो पिवळा दिवा लागला आणि इंजिनाचा आवाज बसला. वरची टेप सोलून त्यांनी मला जवळ बोलावले. पट्टीच्या धारेवर घासून एका वायरीचे आवरण झिजले होते आणि आत तिळाएवढे तांबे चमकत होते.

थ्रॉटलच्या झडपेची स्थिती दोन स्वतंत्र सेन्सर संगणकाला कळवीत असतात. त्या दोन जबान्यांत तफावत पडली, की संगणक सुरक्षिततेखातर इंजिनाची ताकद आवरून धरतो, एवढा साधा कार्यकारणभाव होता. खडबडीत रस्त्यावर त्यांपैकी एकाच्या वायरीचे उघडे तांबे पट्टीला टेकले की तफावत पडे; सपाट रस्त्यावर ते अंतर राखून राही.

दोष सापडला नसता, तर कायद्याचा मार्ग होताच. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला, आणि त्याच्या 34 व्या कलमान्वये तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे फिर्याद दाखल करता येते. म्हणजे विक्रेता नागपूरचा असला, तरी चिमूरकराला चंद्रपुरात दाद मागता येते. मुदत, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पण तेथेही निकाल कागदावरच ठरतो. वॉरंटी सदोष भाग बदलून देण्यापुरती असेल, तर तिच्या आधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटले. गोव्यातील एका ग्राहकाला जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली गेली, त्या प्रकरणात 2021 साली त्याच न्यायालयाने विक्रेत्याच्या कृत्याबद्दल निर्मात्याला, त्याचा सहभाग किंवा त्याला माहिती असल्याचे सिद्ध झाल्यावाचून, जबाबदार धरण्यास नकार दिला. अशा वेळी कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणती तक्रार कोणापुढे मांडली, हे दाखविणारी जॉबकार्डेच ग्राहकाची बाजू बोलतात. ‘जनरल चेकअप’ लिहिलेल्या कार्डांची चळत कितीही जाड असली, तरी तिच्यातून एकच दोष वारंवार आला हे सिद्ध होत नाही.

विक्रेत्याने पुढे वायरिंग वॉरंटीत बदलून दिले आणि दोषाचे कारण लेखी कळविले. त्यात त्याची प्रतिष्ठा वाढली, उणावली नाही. भामरागडहून, सिरोंच्याहून किंवा चिमुराहून गाडी घेऊन येणारा ग्राहक दिवस मोडून येतो, आणि त्याच्या गाडीचा दोष बहुधा त्याच्याच रस्त्यावर प्रकट होतो. म्हणून त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेणे आणि चाचणीसाठी गाडी खडबडीत रस्त्यावर नेणे, हे विक्रेत्याचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. आणि ग्राहकाने, कार्डावरचा मजकूर वाचून आपली तक्रार त्यात पुरती उतरल्याची खात्री झाल्याखेरीज, गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नये.