काळी एकची काळी पाच का झाली?

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, पुसला, सुई बदलली आणि रेकॉर्ड लावली, की पहिली तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. गाणं ओळखू येतं, पण आवाज त्या गायकाचा वाटत नाही. प्रभातच्या ‘माणूस’मध्ये (1939) आपल्या नगरचे शाहू मोडक नायक होते आणि शांता हुबळीकर स्वतः गायल्या होत्या. त्या काळातली 78 ची रेकॉर्ड मिनिटाला साडेब्याऐंशी फेऱ्यांनी फिरली, तर सगळं गाणं एक पट्टी वर चढतं, काळी एक असेल तर पांढरी दोन होते. वेगात सहा टक्के फरक म्हणजे एक पट्टी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं निम्मं काम सोपं होतं.

म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या आधी पेटी काढावी. मात्र गायकाच्या सा वरून वेग ठरवता येत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येकाचा सा वेगळा. त्यासाठी पियानो किंवा बँड असलेली रेकॉर्ड हवी. पाश्चात्त्य वाद्यं 1939 पासून बहुतांशी 440 हर्ट्झच्या मापानेच लावली जातात, त्यामुळे तो सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडला तर प्लेअरच चुकतोय. जिल्ह्यात अशा एका इंग्रजी गाण्याची ओळख पुष्कळांना आहे. 1969 च्या फेब्रुवारीत मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीच्या वेळी, त्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे, ‘बिगिन द बिगिन’ची रेकॉर्ड लावण्यात आली होती. पेटी जुनी असेल आणि तिच्यावर भरवसा नसेल, तर मोबाइलमधला ट्यूनर घ्यावा.

आता वेग नेमका किती चुकतोय ते पाहायचं. यासाठी रेघांची कागदी चकती मिळते, तिला स्ट्रोब म्हणतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. 33⅓ फेऱ्यांसाठी चकतीवर 180 रेघा काढल्या, तर सेकंदात बरोबर 100 रेघा डोळ्यांपुढून जातात आणि प्रत्येक लुकलुकीला पुढची रेघ मागचीच्या जागी येते. वेग बरोबर असेल तर रेघा थांबल्यासारख्या दिसतात. सेकंदाला एक रेघ फिरण्याच्या दिशेने पुढे सरकली तर वेग एक टक्का जास्त, मागे सरकली तर एक टक्का कमी. पण ही चकती घेताना 50 हर्ट्झची आहे ना, हे बघून घ्यावं. अमेरिकेतल्या चकतीवर त्याच वेगासाठी 216 रेघा असतात. एलईडी दिव्याखाली किंवा इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबखाली हा प्रयोग सहसा फसतो, कारण त्यांचा प्रकाश अशा तालात लुकलुकत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर तिथून आलेल्या जुन्या टर्नटेबलांबद्दल सांगायलाच हवं. घरातलं कुणी तिकडून येताना जुनं टर्नटेबल आणतं, सोबत 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला जातो आणि तरी रेकॉर्ड रडतच वाजते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. सिंक्रोनस मोटार फ्रिक्वेन्सीच्या तालावर चालते. 60 हर्ट्झसाठी बनलेली मोटार आपल्या 50 वर सहापैकी पाचच पावलं टाकते. 33⅓ ऐवजी थाळी फिरते 27.8 ने, आणि काळी एकचं गाणं तीन पट्ट्या उतरून खालच्या सप्तकातल्या काळी पाचवर जाऊन बसतं. यावर तेल, नवा बेल्ट, साफसफाई यांतलं काही चालत नाही. मोटारीवरची पुलीच 50 हर्ट्झची, म्हणजे सहापंचमांश जाडीची, बसवावी लागते. बॅटरीवर किंवा डीसी मोटारीवर चालणाऱ्या प्लेअरना हा त्रास नसतो. तिथे वेग बिघडला तर कपॅसिटर सुकलेला किंवा वेग लावायच्या प्रीसेटमध्ये धूळ बसलेली असण्याचीच शक्यता जास्त.

रबरी चाकावर चालणाऱ्या पुष्कळ जुन्या प्लेअरांमध्ये इंडक्शन मोटार असते. ती फ्रिक्वेन्सीच्या थोडी मागे राहते आणि किती मागे राहील हे व्होल्टेजवर आणि ओझ्यावर ठरतं. उसाच्या पट्ट्यातल्या गावांत शेतीपंप एकदम सुरू झाले की घरातले दिवे मंदावतात, हे कुणाला सांगायला नको. त्याच वेळी असा प्लेअरही सुस्तावतो. दिवसा ठीक वाजणारी रेकॉर्ड रात्री उतरत असेल, तर प्लेअर उघडण्याआधी स्टॅबिलायझर लावून पाहावा.

वेग कायम चुकत नसून सुराला हेलकावे येत असतील तर घड्याळ घ्यायचं. हे निदान मला सगळ्यात देखणं वाटतं. 33⅓ ची एक फेरी 1.8 सेकंदांची आणि 78 ची पाऊण सेकंदाहून किंचित जास्त. हेलकावा बरोबर त्याच अंतराने येत असेल, तर दोष थाळीचा किंवा रेकॉर्डचा: भोक मध्यावर नाही, किंवा रेकॉर्ड उन्हाने वाकलीय. भोक अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी आतल्या खाचांपाशी सूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 28 सेंटने हलतो. आपली प्रमाणश्रुती 22 सेंटांची. म्हणजे एका श्रुतीहून मोठा झोका, आणि तोही तानपुऱ्यासारख्या स्थिर सुरावर! हेलकावे फेरीपेक्षा पुष्कळ भरभर येत असतील तर रबरी चाकाला एका जागी दाबून राहून चपटेपणा आलाय. आणि ना ताल ना अंतर, नुसतं रेंगाळणं असेल, तर बेल्ट सैल झालाय किंवा तेल आटलंय.

तेलाचं काम घरी करता येतं. प्लग काढायचा. थाळी सरळ वर उचलायची, बेल्ट बाजूला करायचा आणि थाळी परत ठेवून हाताने फिरवून पाहायची. ती लगेच थांबली तर बेअरिंग पाहायला हवं. बहुतेकदा आतलं तेल मधासारखं घट्ट झालेलं असतं. तळाशी एक छोटा छर्रा असतो, तो हरवू नये म्हणून खाली पांढरं फडकं अंथरावं. जुनं तेल स्पिरिटने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. रबरी चाकाच्या कडेला आणि बेल्टला मात्र तेलाचा हातही लागू देऊ नये.

चावीच्या फोनोला वीजच नाही, तरी वेगाचं भांडण तिथेही आहे. आत पट्टीस्प्रिंगांवर बसवलेली तीन वजनं गरगरत असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक चकती ओढून कातडी गादीवर घासतात आणि वेग आवरतात. वॅटने वाफेच्या इंजिनाला लावलेल्या गव्हर्नरचंच हे तत्त्व. गादी कोरडी पडली की वेग थरथरतो. ग्रीस सुकलं की धक्के बसतात. मेन स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये, गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर हात फाडते.

गौहरजान यांनी 1902 साली कोलकात्यात गायलेल्या गाण्यांच्या काळात 78 हा आकडा पक्का झालेलाच नव्हता. तेव्हाच्या रेकॉर्डी सत्तरच्या आसपासपासून ब्याऐंशीपर्यंत कुठल्याही वेगाच्या निघतात. घरातल्या अशा रेकॉर्डी संगणकावर उतरवणार असाल, तर फाइलच्या नावातच थाळी किती वेगाने फिरत होती आणि सा कुठल्या पट्टीत आला, हे लिहून ठेवा.