वारसाहक्काची वाट, भाग 6 : खून भाऊबंदकीतला, अपील मुंबईत

मागच्या आठवड्यात वारस नोंद आणि फेरफार पाहिला. त्याच वादातून कधी कोयता उगारला जातो. जुन्नर आणि आंबेगावात कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, डिंभे आणि माणिकडोह धरणांखालची शेती बारमाही झाली, आणि वाटपात दोन गुंठे कमी आले तरी ते सोसेनासं झालं. मग बांधावर भांडण होतं, एक भाऊ मरतो, सत्र न्यायालय दुसऱ्याला जन्मठेप देतं आणि 60 दिवसांच्या आत मुंबई उच्च न्यायालयात अपील दाखल होतं.

हे अपील म्हणजे निकालावर नुसती नजर टाकणं नव्हे. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ सगळा पुरावा नव्याने वाचतं: फिर्याद, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी.

भाऊबंदकीच्या खटल्यात खरी अडचण साक्षीदारांची असते. भांडण घराच्या शेतात झालेलं, तेव्हा पाहणारी मृताची बायको, मुलगा नाहीतर आई. आरोपीचा वकील म्हणतो, ही तर घरचीच माणसं, शिवाय जमिनीचा वाद, म्हणून खोटं गोवलं. वैर असं दोन्हीकडून कापतं. खुनाचं कारणही तेच आणि खोट्या आरोपाचंही. यावर 1953 साली दलीप सिंग खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी दिलेलं उत्तर आजही प्रमाण मानलं जातं. त्यांचा मुद्दा साधा होता: जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराध माणसाला सहसा अडकवणार नाही. मात्र रागाच्या भरात खऱ्या गुन्हेगाराबरोबर आणखी कुणाचं नाव घातलं जाऊ शकतं, हेही त्यांनी बजावलं.

हा इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो. फिर्याद देताना चुलता, त्याची तिन्ही मुलं, सुना, सगळ्यांची नावं येतात. अपिलात न्यायालय साक्ष सुपात घेऊन पाखडतं: कुणी वार केला, कुणी नुसतं उभं होतं, कुणी तिथे नव्हतंच. ज्या विधवेने नेमकं पाहिलं तेवढंच सांगितलं, तिची साक्ष टिकते. गावकीच्या दबावाखाली चार नावं जास्त घालणारी माणसं तिचंच नुकसान करतात.

पुढचा प्रश्न, हा खून की सदोष मनुष्यवध? अचानक जुंपलेल्या भांडणात, आधी काही न ठरवता, क्रूरपणा न करता आणि गैरफायदा न घेता मारलं असेल, तर शिक्षा कमी होऊ शकते. पण ‘एकच घाव घातला’ एवढं सांगून भागत नाही. 1958 च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच वार होता, तरी बोस यांनी तो खूनच ठरवला. जखम मुद्दाम केलेली होती आणि ती नेहमीच्या क्रमाने मरण यायला पुरेशी होती.

खुनाच्या निकालाची झळ सातबाऱ्यालाही लागते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 25 नुसार खून करणाऱ्याला मृताचा वारसा मिळत नाही. कलम 27 प्रमाणे तो आधीच मेला असं धरून वाटणी होते. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात वडिलांचा खून करणाऱ्या मुलाच्या बायकोचा, त्याच्यामार्फत सांगितलेला हक्कही नाकारला. ज्या जमिनीसाठी भाऊ भावाच्या जिवावर उठला, तिच्यातला मृताचा वाटा त्याला वारसाने मिळू शकत नाही.

पुढच्या आठवड्यात बहिणींकडून लिहून घेतलं जाणारं हक्कसोड पत्र.