पिशाच्च आधी गावात आले, मग पडद्यावर

- प्रतिनिधी

काळा झगा, लांब सुळे आणि फिकट पण देखणा चेहरा... 'व्हॅम्पायर' म्हटले की हेच रूप डोळ्यांसमोर उभे राहते. माणसाचा लांडगा होणारा 'वेअरवूल्फ' हा त्याचा नेहमीचा जोडीदार. युरोपच्या लोककथांमधील मूळ व्हॅम्पायर मात्र देखणाही नव्हता आणि उमरावही नव्हता. तो असे नुकताच पुरलेला एखादा शेतकरी आणि त्याच्यावर आळ असे तो गावातील मृत्यूंचा.

१७२५ सालची घटना बोलकी आहे. त्या वेळी ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या सर्बियातील किसिल्येवो गावात पीटर ब्लागोयेविच हा शेतकरी मरण पावला. काही आठवड्यांनी गावात आठ दिवसांत नऊ जण दगावले. पीटर रात्री येऊन गळा दाबतो, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितल्याची बोलवा उठली. गावकऱ्यांनी थडगे उघडले, तेव्हा शव फारसे कुजलेले नव्हते आणि तोंडात रक्त दिसत होते. छातीत अणकुचीदार खुंटी ठोकून ते जाळण्यात आले. तेथे हजर असलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा अहवाल व्हिएन्नातील वृत्तपत्रात छापून आला. १७३२ मध्ये लष्करी शल्यचिकित्सक योहान फ्ल्युकिंगर याने मेद्वेजा गावातील अशाच प्रकाराचा अहवाल दिला आणि 'व्हॅम्पायर' हा शब्द युरोपभर पोहोचला.

या खुणांचा उलगडा आज सहज होतो. थंड मातीत शव कुजण्याची क्रिया मंदावते. आत साठलेल्या वायूंमुळे ते फुगते आणि धष्टपुष्ट भासते. त्याच दाबाने तोंडावाटे रक्तासारखा काळपट द्रव बाहेर येतो. त्वचा आक्रसल्याने नखे व केस वाढल्यासारखे वाटतात. सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा वैद्य गेरार्ड व्हान स्विटेन यानेही १७५५ मध्ये यामागे नैसर्गिक कारणे असल्याचे सांगितले. त्यानंतर थडगी उकरून शवांची विटंबना करण्यास सम्राज्ञीने बंदी घातली.

लांडग्याचा आळ तर जिवंत माणसांवर येत असे. जर्मनीतील बेडबुर्ग येथे १५८९ मध्ये पीटर श्टुम्प याने छळाच्या धाकाने आपण लांडगा होत असल्याची कबुली दिली आणि त्याला हाल हाल करून ठार मारण्यात आले.

साहित्याने या भीतीला नवा पोशाख चढविला. कवी बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याच्या १८१९ मधील 'द व्हॅम्पायर' या कथेत रक्तपिपासू शेतकऱ्याचा उमराव झाला. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' आला. गंमत म्हणजे स्टोकरचा काउंट दिवसाही लंडनमध्ये हिंडतो. सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होते, ही कल्पना रूढ झाली ती १९२२ मधील 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटामुळे. 'द वूल्फ मॅन' (१९४१) या हॉलिवूडपटाने नरलांडग्याच्या चाव्याने माणूस लांडगा होतो व चांदीच्या शस्त्राने मरतो, हे नियम लोकप्रिय केले.

मात्र कादंबऱ्या खपत होत्या, तेव्हाही मूळ भीती संपली नव्हती. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एक्झेटर गावी ब्राउन कुटुंबाला क्षयाने ग्रासले होते. आई व एक मुलगी गेल्यानंतर १८९२ मध्ये १९ वर्षांची मर्सीही गेली. भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. कोणीतरी मृत व्यक्तीच त्याचा जीव शोषत आहे, असे शेजाऱ्यांनी ठरविले. मर्सीचे शव बाहेर काढून तिचे हृदय जाळले आणि ती राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही मरण पावला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, एखादी व्यक्ती रोगराई पसरण्यास कारणीभूत असल्याचा आळ घेणे हाही गुन्हा ठरविण्यात आला आहे. असे कलम घालावे लागले, यातच सारे आले. पडद्यावरचे पिशाच्च दिवे लागताच नाहीसे होते. गावाने ठरविलेल्या पिशाच्चाची सुटका इतकी सोपी नसते.