कोंबड्यांच्या कळपात एकटा फेझंट

मुंबईतील डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, चाळींतून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ घर कोकणात अथवा घाटावर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी गावच्या घराशी असलेला संबंध तुटला नाही. त्या घराच्या परसात चारसहा कोंबड्या असावयाच्याच. अशा घरी जाताना कोणी एखादा रंगीत फेझंट हौसेने विकत घेऊन नेतो व कोंबड्यांत सोडून देतो. पक्षी दोन महिने बरा दिसतो, मग मलूल होतो आणि एके सकाळी मरून पडलेला आढळतो. हवा मानवली नाही, असे घरची मंडळी म्हणतात. पुष्कळदा दोष हवेचा नसतो. ज्या धडधाकट कोंबड्यांत तो चरत होता, त्यांच्यापासूनच त्याला रोग झालेला असतो.

प्रथम पक्षी कोणता हे पाहावे. मोर, सह्याद्रीतील राखी रानकोंबडा व चकोत्री हे फेझंटच्याच कुळातील आहेत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण असल्यामुळे ते पकडता वा पाळता येत नाहीत. रानात सापडलेली त्यांची अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली घालणे हाही गुन्हाच होय. हिमालयातील मोनाल व त्याचे भाईबंद यांनाही हेच लागू आहे. पाळीव म्हणून मिळतात ते बहुधा मानेवर पांढरे वलय असलेला सामान्य फेझंट, अथवा मूळचे चीनकडील सोनेरी व रुपेरी फेझंट. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये निघाले आहेत; ते आपल्या पक्ष्यास लागू होतात किंवा कसे, याची वनखात्याकडे चौकशी करूनच खरेदी करावी.

आता रोगाकडे वळू. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याच्या अंड्यांतून एक सूक्ष्म जीव एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे जातो व त्यामुळे काळ्या डोक्याचा रोग होतो. हा जीव उघड्यावर काही तासांतच मरतो, परंतु जंताच्या अंड्यात सुरक्षित राहून जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो. गांडुळाने ती अंडी गिळली व ते गांडूळ पक्ष्याने टिपले, तरी लागण होते. कोंबडीला याचा त्रास सहसा जाणवत नाही. टर्कीला तो फार घातक ठरतो. फेझंट टर्कीइतका नाजूक नसला, तरी त्याची कोवळी अथवा अशक्त पिले यास बळी पडतात. गंधकासारखी पिवळी विष्ठा हे याचे लक्षण. नावावरून डोके काळे पडेल अशी वाट पाहत बसू नये. पुष्कळदा ते पडतच नाही.

दुसरा शत्रू श्वासनलिकेतील तांबडा जंत. तोही गांडुळांतून व ओल्या मातीतून येतो. पिलू मान ताणून चोच वासते, डोके झटकते व घुसमटते. कोकणातील पावसाळ्यात परसातली माती कधी सुकतच नाही, म्हणून तेथे यास विशेष जपावे. कोंबड्यांत दबून राहिलेला सर्दीचा रोगही फेझंटला जडतो व त्याचे डोळ्यांखालचे भाग सुजतात. रक्ती हगवणीचे मात्र तसे नाही. प्रत्येक जातीच्या पक्ष्याचे रक्ती हगवणीचे जंतू वेगळे असल्याने कोंबडीची हगवण फेझंटला लागत नाही.

म्हणून नवा पक्षी आणल्यावर तो निदान महिनाभर वेगळा ठेवावा. त्या अवधीत पशुवैद्याच्या सल्ल्याने कोंबड्यांना जंताचे औषध द्यावे व मानमोडीची लस टोचून घ्यावी, कारण मानमोडी फेझंटलाही होते. पुढेही त्याचा पिंजरा, जेथे कोंबड्या कधी चरल्या नाहीत अशा उंच व निचऱ्याच्या जागी असावा, हे उत्तम. एकत्र सोडणे ही सोय आहे. त्यात पक्ष्याचे हित नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वभावाचाही प्रश्न आहे. कोंबड्यांत टोच मारण्याची उतरंड असते, हे नॉर्वेच्या श्येल्डरप-एबे यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. एकटा, लहान फेझंट या उतरंडीत तळाशी जातो व त्याला खाद्यापाशी उभे राहू देत नाहीत. तोच नर वयात आला की विणीच्या दिवसांत घरच्या कोंबड्यावर आरीने धावून जातो. कोंबडीशी त्याचा संकर झालाच, तर होणारी संतती वांझ निपजते. दचकल्यावर हा पक्षी सरळ वर उसळतो व पत्र्यावर डोके आपटून घेतो. यास्तव पिंजऱ्याचे छत मऊ जाळीचे करावे. एका पंखाची उडण्याची पिसे कापल्यास तो दूर जात नाही, मात्र पिसे झडून नवी आली की ती पुन्हा कापावी लागतात.

अंडी उबवावयाची झाल्यास एक हिशेब ध्यानात ठेवावा. फेझंटचे अंडे २३ ते २५ दिवसांनी फुटते, कोंबडीचे २१ व्या दिवशी. दोन्ही एकाच दिवशी बसविल्यास कोंबडी आपली पिले घेऊन उठते व फेझंटची अंडी गार पडतात. म्हणून फेझंटची अंडी आधी घालावी व कोंबडीची तीन दिवसांनी. हेही विकत आणलेली अंडी असतील तरच.

पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा अधिक प्रथिनांचे खाद्य लागते. नुसत्या कणीकोंड्यावर ती वाढत नाहीत. टर्कीच्या पिलांचे तयार खाद्य चालते. घरी मिश्रण केल्यास शेंगदाण्याची पेंड बुरशीची नाही ना, हे वास घेऊन व फोडून पाहावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की, आणि त्यांच्याबरोबर फेझंटची पिलेही, अशाच पेंडीने मेली. त्या बुरशीचे विष त्यानंतरच शास्त्रज्ञांना ओळखता आले.

इतके करूनही पक्षी मेला, तर तो पुरून टाकू नये. उघड्या हातांनी न हाताळता, पिशवीत बांधून, बर्फात ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावा. डिलाईल रोडच्या रहिवाशास तर १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला, हाकेच्या अंतरावर आहे. यकृतावरील गोल डाग वा श्वासनलिकेतील तांबडे जंत शवविच्छेदनात उघड दिसतात, आणि उरलेल्या कोंबड्यांना कोणते औषध द्यावयाचे ते त्यावरून ठरते.