विश्लेषण : एका छायाचित्रामुळे मदतीचा ओघ सुरू होतो, पण तो टिकतो किती दिवस?

तुर्कस्तानातील बोद्रुमजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर २ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅलन कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचा मृतदेह आढळला. अंगात लाल टी-शर्ट, पायात बूट आणि वाळूत पालथा पडलेला देह. नीलुफर देमिर या महिला छायाचित्रकाराने टिपलेले हे दृश्य काही तासांत जगभर पोहोचले. सीरियातील युद्धाला तोवर चार वर्षे उलटली होती आणि सुमारे अडीच लाख बळी गेले होते. या आकड्याने जे साधले नव्हते, ते एका छायाचित्राने साधले. लोक हळहळले आणि मदतीला धावले. मात्र हा कळवळा किती दिवस टिकला, त्यातून नेमके काय हाती लागले आणि अशा बातम्यांतून कोणती माहिती सुटते, हे समजून घेणे गरजेचे आहे.

स्वीडनमधील देणग्यांचे आकडे काय सांगतात?

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडिश रेड क्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छायाचित्र प्रसिद्ध झाल्यानंतरच्या आठवड्यात रोजच्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या तुलनेत १०० पटींहून अधिक झाली, तर देणगीची रक्कम सुमारे ५५ पट. दुसऱ्या आठवड्यापासूनच हा ओघ कमी होऊ लागला आणि सहाव्या आठवड्यापर्यंत जवळपास ओसरला. ‘सीरिया’ आणि ‘निर्वासित’ या शब्दांचा गुगलवरील शोधही असाच एकदम वाढून लवकरच खाली आला. युद्ध मात्र सुरूच होते.

याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. दरमहा ठरावीक रक्कम देण्यासाठी ऑगस्ट २०१५ मध्ये १०६ जणांनी नोंदणी केली होती. सप्टेंबरमध्ये ही संख्या १,०६१ झाली. या नव्या देणगीदारांपैकी अगदीच थोड्या लोकांनी पुढील काही महिन्यांत देणगी थांबवली. म्हणजे छायाचित्राचा परिणाम ओसरला, तरी त्या काळात ज्यांनी कायमची व्यवस्था करून ठेवली, त्यांची मदत सुरू राहिली.

सरकारी धोरण मात्र वेगळ्या दिशेने गेले. त्याच स्वीडनने नोव्हेंबर २०१५ मध्ये सीमेवर तपासणी सुरू केली आणि आश्रयाचे नियम कडक करण्याची घोषणा केली. लोकांची सहानुभूती आपोआप धोरणात उतरत नाही, हे यातून दिसते.

एक चेहरा की लाखोंचा आकडा?

डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांचा २००७ मधील प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. सहभागींना पाच डॉलर देऊन त्यातील काही दान करण्याची संधी देण्यात आली. एका गटाला माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, दुसऱ्याला आफ्रिकेतील लाखो भुकेल्या लोकांची आकडेवारी. मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकडेवारी वाचणाऱ्यांकडून १.१४ डॉलर. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडेवारी दोन्ही दाखवली, तेव्हा सरासरी १.४३ डॉलरवर आली. एकट्या चेहऱ्याला मिळालेली मदत आकडे जोडल्यावर घटली.

मात्र हा निष्कर्ष काळ्या दगडावरची रेघ मानता येत नाही. २०२३ मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाने मोठ्या संख्येच्या सहभागींवर हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा असा फरक आढळला नाही. चेहरा दाखवला की पैसे येतात, इतके सोपे सूत्र नाही. प्रेक्षकाला काय दाखवले, कधी दाखवले आणि त्याच्या हातात काय करण्यासारखे आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

इथिओपियात १९८४ मध्ये काय घडले?

दूरच्या संकटाचे टीव्हीवरील सर्वाधिक गाजलेले वार्तांकन म्हणजे इथिओपियातील दुष्काळ. बीबीसीचे मायकेल बर्क आणि केनियातील कॅमेरामन मोहम्मद अमीन यांचा कोरेम येथील वृत्तांत २३ ऑक्टोबर १९८४ रोजी प्रसारित झाला. पुढे जगभरातील ४०० हून अधिक केंद्रांनी तो दाखवला. त्यातून बॉब गेल्डॉफ आणि मिज उरे यांचे ‘बँड एड’ गाणे डिसेंबरमध्ये आले आणि १३ जुलै १९८५ रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’ मैफल झाली. कोट्यवधी पौंडांचा निधी जमला. सरकारांनाही मदत वाढवावी लागली.

पण संकट काही ऑक्टोबरमध्ये सुरू झाले नव्हते. इथिओपियाच्या मदत व पुनर्वसन आयोगाने मार्च १९८४ मध्येच जगाकडे धान्यासाठी हात पसरला होता. तेव्हा फारसा प्रतिसाद मिळाला नाही. सप्टेंबरमध्ये मेंगिस्तू हेले मरियम यांची राजवट क्रांतीचा दहावा वर्धापन दिन थाटात साजरा करण्यात आणि दुष्काळ झाकण्यात गुंतली होती. कॅमेरा पोहोचला तेव्हा रोज माणसे मरत होती. या दुष्काळातील मृतांचे अंदाज ४ लाखांपासून १० लाखांपर्यंत आहेत.

कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर काय राहिले?

प्रेक्षकांना दिसला तो पावसाअभावी आलेला दुष्काळ. त्यामागचे युद्ध बहुतेकांपर्यंत पोहोचलेच नाही. तिग्राय आणि एरिट्रियातील बंडखोरांविरुद्ध सरकारची मोहीम सुरू होती. बाजार, पिके आणि रस्ते यांच्यावरील हल्ल्यांमुळे अन्नटंचाई अधिक तीव्र झाली होती. निसर्ग कोपला, एवढेच कारण समोर आले, की अन्न पाठवणे हाच उपाय वाटतो.

याची किंमत त्याच लोकांना मोजावी लागली. सरकारने उत्तरेकडील सुमारे सहा लाख लोकांना दक्षिण आणि नैऋत्य भागात हलवले. अनेकांना बळजबरीने नेण्यात आले आणि या स्थलांतरात हजारोंचा मृत्यू झाला. मदत केंद्रांवर अन्नासाठी जमलेले लोकही त्यात ओढले गेले. ‘मेदसँ सां फ्रँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेच्या फ्रेंच शाखेने याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा डिसेंबर १९८५ मध्ये तिला देशाबाहेर काढण्यात आले. मदतीमुळे असंख्य जीव वाचले, हे खरे. पण संकटाचे कारण ठाऊक नसलेल्या देणगीदाराला आपल्या पैशांचा कुठे गैरवापर होतो आहे, हे विचारताही येत नाही.

प्रतिमाही दीर्घकाळ चिकटली. ‘व्हीएसओ’ या ब्रिटिश संस्थेने २००२ मध्ये केलेल्या पाहणीत ८० टक्के ब्रिटिश नागरिकांच्या मनात विकसनशील देश म्हणजे दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत हेच समीकरण असल्याचे आढळले.

कोणत्या आपत्तीची बातमी होते?

थॉमस आयझेन्सी आणि डेव्हिड स्ट्रोमबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९६८ ते २००२ या काळातील सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती तपासल्या. अमेरिकी टीव्हीवर ज्वालामुखीतील एका मृत्यूइतकी दखल मिळण्यासाठी अन्नटंचाईत जवळपास ४० हजार मृत्यू व्हावे लागतात, असा त्यांचा हिशेब होता. ज्वालामुखी एका क्षणात फुटतो, त्याचे दृश्य मिळते. उपासमार हळूहळू येते. ऑलिम्पिकसारख्या मोठ्या बातमीच्या काळात आलेल्या आपत्तींना टीव्हीवर कमी जागा मिळाली आणि अमेरिकी सरकारची मदतही कमी वेळा मिळाली. गरज तेवढीच होती, फक्त बातमीची वेळ चुकली.

भारताचा अनुभव काय सांगतो?

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात सुमारे ३० लाख लोक मेले, असे मानले जाते. ब्रिटिश सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीरच केला नाही. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यांवरील भूकबळींची छायाचित्रे छापली आणि दिल्ली-लंडनला संकट नाकारणे अवघड झाले. मुंबईतून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट साप्ताहिकानेही सुनील जाना यांची छायाचित्रे आणि चित्तप्रसाद यांची रेखाटने छापून हा दुष्काळ देशभर पोहोचवला. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेल यांनी कोलकात्याला भेट देऊन मदतकार्यात लष्कर उतरवले. येथे छायाचित्राने केवळ देणग्या आणल्या नाहीत, तर सत्तेला जाब विचारला.

टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांच्या २००२ मधील अभ्यासातही हाच धागा सापडतो. १९५८ ते १९९२ या काळात भारतातील ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप अधिक होता, तेथील सरकारे पीकहानी आणि पुराच्या वेळी धान्यवाटप व मदतनिधीबाबत अधिक तत्पर होती. हा परिणाम इंग्रजीपेक्षा प्रादेशिक भाषांतील वृत्तपत्रांमुळे दिसून आला. मराठी वाचकासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

वेदना दाखवण्याचे काही नियम आहेत का?

इथिओपियानंतर युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी १९८९ मध्ये प्रतिमा व संदेशांसाठी आचारसंहिता स्वीकारली. रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेतही आपत्तीग्रस्तांना प्रसिद्धीच्या साहित्यात हतबल वस्तू म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे, असे तत्त्व आहे. या संहिता ऐच्छिक आहेत. त्यामुळे पाळायच्या की नाही, हे शेवटी संस्था आणि संपादकांच्या हाती राहते.

मग वाचकाने काय पाहावे?

मन हेलावणे ही चूक नाही, मदतीची सुरुवात तिथूनच होते. पण ती भावना काही आठवड्यांतच ओसरते, हे लक्षात ठेवलेले बरे. काळीज पिळवटणारा व्हिडीओ मोबाइलवर दिसला, की तो पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारता येतात. हे संकट कशामुळे आले? त्याला जबाबदार कोण? तेथे आधीपासून कोण काम करत आहे? उत्तरे मिळाली, तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी रक्कम देणे परवडते आणि टिकते. आणि ज्या बातमीत केवळ अश्रू आहेत, कारण नाही, तिच्याकडून कारण मागण्याचा हक्क वाचकाला आहे.