ओव्हरटाइम थांबला तर?

२०१९ च्या मंदीत गाड्यांची मागणी घटली आणि 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोहोचला. म्हणजे काय, तर माल उठत नाही म्हणून कंपनी काही दिवस बंद. अशा वेळी ओव्हरटाइम आधी थांबतो. कंत्राटी कामगाराचा तर रोजच बुडतो.

मग तयारी कशी करायची? ओव्हरटाइम धरून घरखर्च बसवू नका. समजा, हातात २२,००० येतात, त्यातले ५,००० ओव्हरटाइमचे. तर भाडं, किराणा, फी, गाडीचा हप्ता हे सगळं १७,००० मध्ये बसलं पाहिजे. बसत नसेल तर ते आजच कळलेलं बरं. वरचे ५,००० वेगळ्या खात्यात टाका. चार महिन्यांत एका महिन्याची सोय होते.

पगारातून ईएसआय कापला जातो का, तेही बघा. नोकरी गेल्यास २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने'तून जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळू शकतो. त्याच्या अटी आधीच विचारून ठेवा.

आणि फी जमत नसेल तर मुलाला घरी बसवू नका, आधी शाळेत येऊन सांगा. फीचे हप्ते पाडता येतात. बुडालेलं वर्ष भरून येत नाही.