संगणकाचा अहवाल का रखडतो?

एखाद्या कचेरीत तुम्ही वडिलांबरोबर दाखला आणायला गेला आहात अशी कल्पना करा. खिडकीपाशी रांग लागली आहे. कारकून एक कळ दाबतात आणि पडद्याकडे पाहत बसतात. दहा मिनिटे जातात, पंधरा जातात. “संगणक फार हळू चालतोय, थांबा जरा,” असे उत्तर मिळते. रांगेत कोणाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, कोणाची एस.टी. चुकते. मग जो तो म्हणतो, “यंत्र जुने झाले. नवे आणायला हवे.”

पण जे यंत्र एका सेकंदात कोट्यवधी बेरजा करते, त्याला काही हजार नोंदींची यादी करायला अर्धा तास का लागावा? बहुतेक वेळा दोष यंत्राच्या वेगात नसतो. आपण त्याला किती वाचायला लावतो, यात असतो. कसा, ते पाहू या.

जनरल रजिस्टरची गोष्ट

तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर आठवा. शाळा सुरू झाल्यापासून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात क्रमांकाने केलेली असते. समजा, अशा ४०,००० नोंदी आहेत. कोणी १२,३४५ क्रमांकाची नोंद मागितली, तर ती लगेच सापडेल. पण “१९६२ साली जन्मलेल्या सर्व विद्यार्थ्यांची यादी द्या,” असे म्हटले तर? रजिस्टर जन्मतारखेने लावलेले नाही. म्हणून पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सर्व काही वाचावे लागेल. एका नोंदीला एक सेकंद धरला, तरी अकरा तास लागतील!

आता एका हुशार लेखनिकाने वेगळी वही केली. तीत फक्त जन्मतारीख आणि रजिस्टर क्रमांक, आणि तेही तारखांच्या क्रमाने. वही मधोमध उघडा. हवी ती तारीख पुढे आहे की मागे, ते पाहा. उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग करा. असे करीत गेल्यास ४०,००० नोंदींतून १६ पायऱ्यांत तुम्ही नेमक्या जागी पोहोचता. (२ चा १६ वा घात किती होतो, ते करून पाहा.) या वहीलाच संगणकाच्या भाषेत ‘इंडेक्स’ म्हणजे सूची म्हणतात.

येथे एक गंमत आहे. नोंदी दुप्पट, म्हणजे ८०,००० झाल्या, तर सर्व रजिस्टर वाचण्याचे काम दुप्पट होते. सूचीतून शोधताना मात्र फक्त एक पायरी वाढते! म्हणूनच पहिल्या वर्षी झटपट निघणारा अहवाल पाचव्या वर्षी रखडतो. कोणी काही बिघडवलेले नसते. सूची नसते आणि नोंदी वाढलेल्या असतात.

चकती आणि तिचा हात

हार्ड डिस्कमधील चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते असे धरू. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद. हवी ती जागा खाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्याआधी वाचणारा हात योग्य वर्तुळावर सरकावा लागतो. दोन्ही मिळून साधारण १२ मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला जेमतेम ८० वेळा वाचता येते. आता चकती नसलेल्या एसएसडी आल्या आहेत. त्या पुष्कळ वेगवान आहेत, पण संगणकाच्या स्मृतीच्या मानाने त्याही शेकडो पटींनी मंदच.

म्हणून वाचनाच्या खेपा कमी करणारी सूची हवी होती. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतील रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनी ‘बी-ट्री’ ही रचना शोधून काढली; तिच्यावरील त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात एका पानावरून दोनच नव्हे, तर शेकडो वाटा फुटतात. २०० वाटा धरल्या, तर तीन पानांत २०० × २०० × २००, म्हणजे ८० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते.

सूची असूनही उशीर

कधी सूची असते, पण प्रश्नच वाकडा असतो. आडनावांची अकारविल्हे यादी घ्या. ‘क’ने सुरू होणारी आडनावे चटकन मिळतील, ‘कर’ने संपणारी शोधायची तर सगळी यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. तसेच, “प्रत्येक तारखेतून वर्ष वेगळे काढ आणि ते १९६२ आहे का बघ,” असे सांगितले, तर तारखांची सूची बहुधा बाजूला पडते. “१ जानेवारी १९६२ ते ३१ डिसेंबर १९६२” असे विचारले, की ती कामाला येते.

दुसरी चूक वाणसामानासारखी आहे. पन्नास जिनसा हव्यात, आणि दर जिनसेसाठी तुम्ही दुकानात वेगळी खेप घालता! १०,००० विद्यार्थ्यांच्या अहवालात प्रत्येकाची फी वेगळा प्रश्न विचारून मागवली आणि दर खेपेला ५ मिलिसेकंद लागले, तर ५० सेकंद नुसत्या येण्याजाण्यात जातात. एकाच प्रश्नात सर्वांची फी मागवता येते.

आधी निदान, मग औषध

ताप न मोजता डॉक्टर औषध देत नाहीत. येथेही प्रथम घड्याळ लावा. वेळ शोधण्यात जातो, नोंदी वाहून आणण्यात, की छपाईत? अनेक डेटाबेसमध्ये ‘एक्सप्लेन’ अशी आज्ञा असते. ती दिली, की संगणक आपली शोधण्याची योजना सांगतो: सूची वापरणार, की सगळे वाचणार. मग एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. मात्र तोच अहवाल लगेच दुसऱ्यांदा काढला, तर तो लवकर येतो, कारण नोंदी स्मृतीत आलेल्या असतात. त्या वेगाला फसू नका.

मग प्रत्येक गोष्टीची सूची का करू नये? कारण एक नवा प्रवेश झाला, की तो साऱ्या वह्यांत लिहावा लागतो. दहा वह्या असल्या, तर लिहिणे रखडेल. शिवाय सर्वांच्या फीची बेरीज हवी असेल, तर सर्व नोंदी वाचाव्याच लागतात. असा अहवाल रात्री काढून ठेवावा, म्हणजे सकाळी रांग लागत नाही.

एक प्रयोग करा. ६४ चिठ्ठ्यांवर वेगवेगळे आकडे लिहा. त्या पिसून ओळीने पालथ्या मांडा. मित्राने सांगितलेला आकडा शोधायला किती चिठ्ठ्या उलटाव्या लागल्या, ते लिहून ठेवा. मग त्याच चिठ्ठ्या चढत्या क्रमाने पालथ्या मांडा आणि मधोमध उलटत शोधा. दहा-दहा वेळा करून सरासरी काढा आणि वर्गात फळ्यावर मांडा. पुढच्या वेळी खिडकीपाशी “संगणक हळू चालतोय” हे शब्द कानी पडले, की ते आकडे तुम्हाला आठवतील.